पाळी

पाचवा खंड, पान दोनशे बारा.
ओर्विनला मी तिथेच पुलावर उभा करून आले होते.
हातात कंदील, खाली काळं पाणी,
आणि पलीकडून कोणीतरी खाकरलेलं.
चोवीस वर्षं.
कंदिलातलं तेल संपलं नाही, हे एक बरं.

खूण म्हणून बसचं तिकीट होतं,
केमियार्वी ते शाळा, किंमत मार्कांत.
ती नाणीसुद्धा आता चालत नाहीत.

पुढचं प्रकरण सेन्याचं होतं.
एक तिने वाचायचं, एक मी, मोठ्याने,
बसथांब्याच्या पत्र्याखाली, हातमोजे न काढता
(पान उलटायचं ते नाकाने).
मग तिच्या वडिलांना स्वीडनमध्ये काम लागलं
आणि जाताना ती तिसरा खंड घेऊन गेली.
मागितला असता तर भांडण झालं असतं.
मागितला नाही, तरी झालंच.

परवा रोवानिएमीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात
तिसरा मिळाला, चार युरोला.
आत नकाशावरचं तळं कुणा पोराने
निळ्या खडूने गिरवून काढलेलं
आणि खाली लिहिलेलं: इथे मासे नाहीत.
पोरा, कुणी सांगितलं तुला?
मी तर सगळं तळं
मासे आहेत असं धरूनच पार केलं होतं.

पहिल्यापासून सुरुवात केली.
तलवारींची वर्णनं आता भराभर उलटते.
रस्त्यांपाशी थांबते.
खिंडीत इतका बर्फ, आणि सैन्य सकाळी निघून दुपारी पोहोचतं?
कुणी उपसला? लेखकाने एका शब्दाने सांगितलेलं नाही.
मी अठरा वर्षं बर्फाचा नांगर चालवते आहे,
मला असल्या गोष्टी खुपतात.

आणि ती चेटकीण.
दात पडलेली, पाठीत वाकलेली, युगानुयुगांची म्हातारी
असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं.
दुसऱ्या खंडात स्वच्छ लिहिलंय:
एकोणचाळीस.
माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
दातांबद्दल तर अक्षर नाही.

पळून गेलेल्या नावाड्याला तेव्हा आम्ही
वहीच्या मागच्या पानावर फाशी दिली होती.
आता वाचलं, की त्याला घरी तीन मुलं होती.
हे वाक्य तेव्हाही तिथेच असणार.

काल रात्री मोसमातला पहिला मोठा बर्फ.
पहाटे तीनला निघाले, पाचला
पेल्कोसेनिएमीच्या वाटेवर गाडी कडेला घेतली,
थर्मास उघडला, केबिनचा दिवा लावला.
पान दोनशे बारा.

क्षणभर वाट पाहिली,
पाळी माझी नव्हती म्हणून.

मग वाचायला लागले, मोठ्याने.
पुलापलीकडे खाकरणारा तो नावाडीच निघाला, परत आलेला.
त्याचं बोलणं सेन्या नाकातून काढायची.
मीही नाकातून काढलं.
जमलं नाही फारसं.
ओर्विनने कंदील वर केला
आणि काचेबाहेर माझा पिवळा दिवा
रिकाम्या रस्त्यावर गरगर फिरत राहिला.