मधली जागा

आमच्या शहराचं नाव नाव.
वुच म्हणजे होडी.
नदी केव्हाच रस्त्याखाली पाइपात घातली,
होडी राहिली विटांवर टेकून.

भाऊ लग्न करून पोझ्नानला गेला
आणि त्याची खोली मला मिळाली:
तीन मीटर साठ, दोन नव्वद,
भिंतीवर त्याच्या फुटबॉलवाल्यांच्या चिकटपट्टीचे डाग.

टेबल गिरणीतलं, पाहणी खात्याचं.
यावर ठाण उलगडून बायका चुका शोधायच्या,
सुटलेला धागा, फसलेली वीण.
गिरणी बंद पडली तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात
आईने हे उचललं.
चार मजले चढवताना खालच्या इरेनेउशनी
एक पाय धरला होता,
हे ते अजून ऐकवतात.

स्पीकर लग्नांत वाजवणाऱ्या एका जोडप्याचे.
जोडपं फुटलं, स्पीकर जोडीने विकले.
एकाच्या जाळीवर मेण सांडलेलं.
नुसते ठेवले तर टेबलच घुमतं,
प्रत्येक गाण्यात आपलाच एक खर्ज कालवतं,
म्हणून खाली स्पंज,
म्हणून भिंतीपासून हातभर पुढे,
म्हणून तोंडं थोडी आत वळवलेली,
भांडून झाल्यावर एकाच मुलाकडे बघणाऱ्या
आईबापांसारखी.

आईने शिवणाची टेप आणली.
इकडून एक मीटर दहा, तिकडून एक मीटर दहा,
दोघांच्या मध्येही तेवढंच.
तिसऱ्या कोपऱ्यात माझं डोकं.
"पाव सेंटिमीटरही सोडत नाहीस," ती म्हणाली,
"बाळंतिणीला असा ब्लाउज शिवला
तर शिव्या खाशील."

मग न्हाणीघरातला आरसा.
मी खुर्चीत, हलायचं नाही.
ती आरसा भिंतीला लावून सरकवत जाते,
आणि आरशात मला स्पीकर दिसला
की थांब म्हणायचं:
तिथे आवाज भिंतीवर आपटून परततो,
तिथे लोकरीची गादी टांगायची.
आधी दिसली खिडकी, खिडकीतला बर्फ,
मग तिची बोटं काचेच्या कडेवर,
नखांपाशी चिरा पडलेली.
स्पीकर येऊन गेला.
मी थांब म्हणायला विसरले.

सोळा वर्षं ती मागांच्या रांगेत उभी होती.
उजवा कान मागांनी ठेवून घेतला.
आम्ही जेवताना तिच्या डावीकडे बसतो,
कुणी ठरवलं नाही, तसंच चालत आलंय.

सगळं झाल्यावर तिला खुर्चीत बसवलं.
माझं गाणं लावलं, अर्धंमुर्धं:
डावीकडे गिटार,
उजव्या टोकाला एकटं व्हायोलिन,
मधोमध मी.
"मी मध्ये आहे ना? समोर? स्पीकर नाहीत तिथे?"
तिने मान कलती केली, पुन्हा सरळ केली.
"डावीकडे आहेस. सगळं डावीकडेच असतं."
मग टेबलावर तळवा ठेवून:
"आणि ते व्हायोलिन म्हणतेस ते कुठाय?
मला तर कुणीतरी शेजारच्या घरात दार ओढतंय वाटलं."

दोन दिवस मोजमाप.
सगळा त्रिकोण माझ्या दोन कानांसाठी.

कार्डावर एक बटण आहे, मोनो नावाचं,
मी ते कधी दाबत नाही.
दाबलं.
खोली मिटली, दोन्ही बाजू एका रेषेत आल्या,
गिटार, मी, व्हायोलिन, एका होडीत कोंबलेले.
मला ते अगदी सपाट वाटलं.
ती मात्र पुढे झुकली,
बोट वर केलं, ठाणात चूक सापडल्यावर करायची तसं,
"इथे," म्हणाली, "इथे ते चुकतंय."
खरंच चुकत होतं. चौथ्या मात्रेला,
केसभर उशिरा.

तेवढ्यात खालून पाइपावर टकटक,
इरेनेउश, रात्रीचे दहा.
"हे उजवीकडून आलं बघ," आई म्हणाली.
पाइप तिच्या डावीकडे आहे.
मी काही बोलले नाही,
आवाज कमी केला,
बटण तसंच राहू दिलं.