घ्या, धरा

आठवडाभर मी दिब्ब्याच्या हॉस्पिटलात
लोकांना श्वास धरायला लावते.
अरबीत, हिंदीत, मल्याळममध्ये,
आता पश्तूतही जमतं:
घ्या. धरा. हलू नका.
काचेपलीकडे खटका. सोडा.
तेवढ्यात छातीतलं सगळं करड्या रंगात उतरलेलं असतं.

शनिवारी खलफानच्या होडीतून खडकाकडे जाताना
रोहेलियो मलाच बजावतो,
माझी दोनशेवी बुडी असली तरी:
काहीही झालं तरी
श्वास धरायचा नाही.

मी मास्कमध्ये थुंकते, चोळते, विसळते.
कॅमेऱ्याच्या पेटीची काळी रबरी कडी
उन्हाकडे धरून निरखते.
एक केस अडकला, तर चार महिन्यांचा पगार खारट.
मग कठड्यावर बसून
पाठीमागे पडते.

पाच-सहा मीटरवर लाल फिका होत जातो.
एकदा कालवाच्या धारेनं बोट कापलं,
तर रक्त हिरवं.
घाबरले नाही, नुसतं बघत राहिले,
परक्या बाईचं असावं तसं.

खडकाच्या उतारावर काही प्रवाळ पांढरे पडलेत.
गेल्या उन्हाळ्यात पाणी तापलं होतं.
माझ्या पडद्यावर पांढरं म्हणजे भरीव, धड हाड;
इथे ते उलटं वाचायचं,
आणि मला अजून सवय होत नाही.

निळ्या अंगावर पिवळा डाग फुटलेला एक मासा
भिंगात स्वतःलाच हुसकावत राहतो.
याला काय म्हणावं?
दाभोळला आम्ही
जे ताटात येतं त्यालाच नाव ठेवलं.
बाकीचे सगळे नुसते ‘रंगीत’.

पण माकूळ दिसला की ओळख पटते.
खडकाच्या सावलीत, वाळूपासून वीतभर वर,
कडेची झालर हलवत तरंगणारा.
अंगावरून पट्टे सरकतात, जणू कुणी
आतून दिवा फिरवतंय.
आईनं किती साफ केले असतील असे,
शाईनं मनगटापर्यंत काळी होऊन.
त्याची बाहुली इतकी वळणदार असते,
हे तिला मी कसं सांगू?

मी जवळ सरकते.
माझे बुडबुडे खडखडत वर जातात,
दर वेळी तो थोडा गडद होतो, थोडा मागे.

मंगळवारी हुमैद आला होता, नव्वदीचा, खोकत.
मुलगा म्हणाला, लहानपणी हे मोत्यांच्या होड्यांवर होते,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
मी म्हटलं, घ्या. धरा.
खटका झाला, आणि मशीन अडकलं,
मी बटणं दाबत बसले, ‘सोडा’ म्हणायचं राहिलं.
वळून पाहते तर म्हातारा तसाच,
प्लेटला छाती लावून, डोळे मिटून,
चेहऱ्यावर काहीच घाई नाही.
मग त्यानं हॉस्पिटलच्या झग्याच्या नाडीला
हलकेच एक हिसका दिला,
वर कुणीतरी दोरी धरून उभं असल्यासारखा.
मी ओरडलेच: सोडा, सोडा!
त्यानं सोडला. म्हणाला, अजून होता.

माकूळ आता हातभरावर आहे.
डोळा भिंगात पूर्ण मावलाय.
बुडबुडा नको, एवढा एकच नको.
आणि मी धरते.
चूक आहे, ठाऊक आहे. तरी.
खोली हलत नाही, वाळू हलत नाही,
आणि माझा मोकळा हात आपोआप कमरेशी जातो,
नसलेली दोरी चाचपायला.

सोडते.
झोत फुटतो, फ्लॅश फुटतो,
शाईचा एक ढग तिथे उभा, माझ्याएवढा.

होडीत खलफान छोट्या पडद्यावर वाकतो.
पाण्यातली धूळ चांदण्यासारखी उजळलीय,
कोपऱ्यात अर्धी भुजा,
तिच्यावर मात्र सगळा लाल परत आलेला.
‘अर्धाच?’ तो विचारतो.
‘बंदरावर चल. अख्खा मिळतो,
साफ करून देतात.’