थोडक्यात

सेलूच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात,
औषधांच्या कपाटाला आतून एक वही लटकते
सलाईनच्या नळीनं बांधलेली.
दोनशे पानी. कव्हरवर एस्तेर सिस्टरच्या अक्षरात
एकच शब्द: थोडक्यात.

नव्या पोरींना वाटतं, सुविचार असतील.
नाहीत.
यात न झालेली मरणं आहेत.

‘पोटॅशियमची कुपी पाण्याच्या कुपीशेजारी.
झाकणाचा रंग एकच. हातात घेतली होती.’
‘बाळाच्या डोसात एक शून्य जास्त वाचलं. लाईट गेलेली.’
‘कठडा वर केला नव्हता. आजी उठून बसल्या होत्या.
पडल्या नाहीत.’
कुणाचं नाव नाही, सही नाही,
फक्त वेळ, आणि कशामुळं.

पहिल्या पानावर तेवढी सही आहे:
एस्तेर खरात, परिसेविका.
‘इन्सुलिन दुप्पट भरलं. घाईत होते.
नोकरीचं सोळावं वर्ष.’

सातवं पान माझं.

त्या रात्री आम्ही दोघी, खाटा बेचाळीस,
काहीजणी खाली सतरंजीवर.
परभणीहून बर्फाच्या डब्यात रक्ताची पिशवी आली,
नाव सोजरबाई.
मी अकरा नंबरच्या खाटेपाशी गेले, म्हटलं,
सोजरबाई ना?
ती म्हणाली, हाव, माय.
खोटं कुठं बोलली ती?
चौदा नंबरवरची पण सोजरबाईच.
ही धुळगुंडे, ती कच्छवे.

सुई जागेवर, पिशवी टांगलेली,
माझं बोट नळीच्या चाकावर,
आणि ती आपली सहज बोलली:
मव्हं बी रगत कमी झालं का, बाई?
मी त दम्याची हाये.

चाक फिरवलं नाही मी.
एवढंच.
मग लिननच्या खोलीत धुतलेल्या चादरींवर
किती वेळ बसले होते, आठवत नाही.

सकाळी साहेबांनी विचारलं, ड्युटीवर कोण होतं?
एस्तेर सिस्टर चष्मा पुसत म्हणाल्या,
कोण, ते रजिस्टरला आहे, साहेब.
कसं, ते कुठंच नाही.
तासभर द्या, लिहून आणते.

त्या तासात त्यांनी दोन सोजरबाई
वॉर्डाच्या दोन टोकांना नेल्या.
मनगटाचे पट्टे नव्हते,
मागणी पाठवून आठ महिने झालेले,
म्हणून चिकटपट्टी आणि मार्कर.
बेसिनवरच्या भिंतीला खडूनं लिहिलं:
नाव सांगू नका. नाव विचारा.

मेमो आला. आलाच.
एक माझ्या नावावर, एक त्यांच्या.
दोन्ही त्यांनी सातव्या पानाला टाचले.
मला वाटलं होतं, ओरडतील.
त्यांनी पेन दिलं फक्त.
लिहिताना हात कापायला लागला तर म्हणाल्या,
अक्षर लागलं पाहिजे गं,
पुढं कोण वाचणारे ते आपल्याला माहीत नाही.

मागच्या मे महिन्यात त्या रिटायर झाल्या.
शाल, नारळ, फोटो.
दोन शब्द बोला म्हटल्यावर बोलल्या,
ऑक्सिजनचा तिसरा पॉइंट गळतोय, बघून घ्या.

आता इन्चार्ज मी.
काल रात्री तीनला फोन वाजला,
नवीन लागलेला वाजिद ब्रदर:
मॅडम, काही झालं नाही, पण...

मी अंधारात उठून बसले.
त्या ‘पण’च्या पलीकडं
पोराचा श्वास ऐकू येत होता.
पेशंट कसाय, ते आधी, म्हटलं.
मग तू कसायस.
मग सावकाश सांग, कसं.

वहीत चार पानं उरलीत.