इतर

दिंडोरी रस्त्याला, म्हसरूळ सोडलं की उजव्या हाताला
चांभारलेण्याच्या डोंगराकडे पाठ करून
एक डायनासोर उभा आहे.
त्याच्या पोटात रसवंती.

मागच्या दोन पायांमधून वाकून आत जायचं.
आत चार बाकडी, लिंबं, आलं, एक चरक,
आणि चरक फिरला की घुंगरं
थेट त्याच्या बरगड्यांतून वाजतात.
लहान पोरं बाहेरच आईचा पदर धरतात:
भूक लागलीय त्याला.

मी मोजणीला गेलो होतो.
रस्ता रुंद होणार, आणि माझ्या हातात छापील नमुना:
विहीर. बोअर.
झाडे, फळधारी व बिनफळधारी.
बांधकाम, पक्के की कच्चे.
धार्मिक स्थळ असल्यास स्वतंत्र प्रकरण करावे.
इतर.

फडोळांनी आधी रस दिला, मग उत्तरं.
बांधकाम म्हणू की मूर्ती?
"आत बसलात तर बांधकाम.
बाहेरून बघाल तर ज्याचं त्यानं ठरवावं."

घडवला सखाहरी मोजाडनं.
जन्मभर गणपती आणि पोळ्याचे बैल केलेला माणूस;
डायनासोर त्यानं पाहिला तो कुणाच्या तरी कंपासपेटीवर,
अंगठ्याएवढा, रंग उडालेला.
बाकीचं ठाऊक होतं त्यातून घेतलं.
डोळे बैलाचे, पाणीदार.
गळ्याखाली पोळी, लोंबती.
पायाची बोटं गणपतीची, गुबगुबीत,
म्हणून येता-जाता एखादी बाई नखाला कुंकू लावून जाते
(हे मी नमुन्यात लिहिलं नाही.
स्वतंत्र प्रकरण झालं असतं).
दात बत्तीस, स्वतःच्या तोंडात बोट घालून मोजलेले,
दोन कमी भरले ते अंदाजानं धरले.
रंग दर पाडव्याला, गावात ज्याचा उरला असेल तो:
शेपटी ट्रॅक्टरची निळी,
पाठ शाळेच्या भिंतीची पिवळी.

टेपचं दुसरं टोक धरायला फडोळांची नात आली, मुक्ता.
नाकापासून शेपटीपर्यंत एकेचाळीस फूट.
बांधकामाचे वय?
"साडेसहा कोटी वर्षं," ती म्हणाली.
मी एकोणीस लिहिलं.

मग चुन्याची रेघ ओढली.
ती मानेतून गेली.
मुंडकं आणि पुढचे दोन इवले हात, रस्त्याला.
पोट, शेपटी, चरक, उधारीची वही, फडोळांना.
"म्हणजे तोंड सरकारचं," फडोळ म्हणाले,
"आणि पोट आमचं आम्ही बघायचं."
मी वर पाहिलं नाही.
दुसरा ग्लास अजून अर्धा होता.

सखाहरीला निरोप गेला. लुनावर आला, हात कापत होते.
शिडीवर चढून त्यानं मान बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिली,
बाजारात कलिंगड वाजवतात तशी, कान लावून.
"बारा एमएमची सळई आहे आत. वळंल.
हात मात्र छातीशी घ्यावे लागतील.
कुणीकडं बघायला लावू?"
फडोळ म्हणाले, डोंगराकडं.
कुणीतरी म्हणालं, रस्त्याकडंच, गिऱ्हाईक येतं.
मुक्ता म्हणाली, पोटाकडं.
एवढी वर्षं आत कोण वाजवतंय
ते बघू दे की त्याला एकदा.

परवा रात्री वणीहून येताना दिवे त्याच्यावर पडले.
मान वळली आहे.
सिमेंट मुरावं म्हणून तिच्यावर ओलं पोतं गुंडाळलंय,
घसा धरलेल्या माणसाला मफलर गुंडाळतात तसं.
खाली बादली, आणि बादलीत तांब्या.

कार्यालयातून कागद परत आलाय.
*इतर म्हणजे काय?
फळधारी आहे किंवा कसे?
खुलासा करावा.*

खुलासा लिहायला बसतो.
"सदर" इतकं लिहून होतं,
आणि मग जिभेवर
आलं येतं.