छेद

"म्हणजे तू पेशंट तपासणारच नाहीस?"
कुकरचं झाकण हातात तसंच धरून आई म्हणाली.
दातांची डॉक्टरकी पाच वर्षं शिकून झाली होती,
बाबांनी डोंबिवलीत गाळासुद्धा बघून ठेवलेला,
पाटीवर नाव मराठीत की इंग्रजीत, इथपर्यंत बोलणी.
तपासणार गं, मी म्हटलं, पण एकेकाला नाही.
तिला वाटलं, उलट उत्तर देतेय.

पहिल्या तासाला डाबरे मॅडमनी फळ्यावर
नुसती एक आडवी रेघ ओढली.
वर अंश, खाली छेद. पाचवीतलंच.
"वरचे आपल्या पायांनी येतात,
खोकत येतात, उचलून आणले जातात, पेपरात छापून येतात.
खालच्यांना शोधत जावं लागतं.
साथरोगशास्त्र म्हणजे रेघेखालची नोकरी."
वर्गात कोणीतरी हसलं.

मग बैंगनवाडी. हातात टॅब, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र.
घर क्रमांक एक्केचाळीस. एक्केचाळीस अ.
एक्केचाळीस अ वरचा माळा, लोखंडी शिडीने.
जरीकामाच्या चौकटीवर ताणलेलं लाल कापड,
त्याच्याखालीच झोपलेले चौघे.
किती राहता? चार.
संध्याकाळी पुन्हा गेले. चार.
चेहरे वेगळे.
एकेका चटईवर आठ-आठ तासांनी माणूस कूस बदलत होता
आणि माझ्या फॉर्मला एकच रात्र माहीत होती.

शेवंता गोडांबे, आरोग्यसेविका, बावीस वर्षं याच गल्ल्या,
शिडीखालून ओरडल्या:
"ताई, माणसं नका मोजू. चपला तर मुळीच नाही.
ब्रश मोजा."

मोरीवर, तेलाच्या कापलेल्या डब्यात,
अकरा ब्रश.
एकाचे केस चारी बाजूंना फाकलेले,
हा जोर लावून घासतो, हिरड्या गेल्या असणार.
डोंबिवलीतला गाळा तेवढ्यापुरता डोळ्यांसमोर येऊन गेला.

अकरावा कोरडा होता.
कोणाचा, विचारलं
तर सगळ्यांच्या सुया एकदम भराभर चालायला लागल्या.

हेतल आता बीकेसीत, विमा कंपनीत,
कोणत्या पिनकोडचा श्वास किती महाग, ते काढते.
मुझम्मिल पवईत औषधांच्या चाचण्या बघतो, गाडी घेतली.
एक जण जिनिव्हाला, तळ्याचे फोटो पाठवते.
थत्ते पालिकेच्या हिवताप खात्यात,
टॉर्च घेऊन एकविसाव्या मजल्यावरच्या टाकीत वाकतो
आणि अळ्या नसल्या तर थोडा हिरमुसतो, असं तोच सांगतो.
मी वॉर्ड ऑफिसात, क्षयरोगाची आकडेवारी.
करार अकरा महिन्यांचा, भाड्याच्या खोलीसारखा.
डोंबिवलीच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त होतात.

कोरड्या ब्रशचं नाव तय्यब.
तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडून मधुबनीला गेलेला.
तिथल्या केंद्राला चार मेल, सहा फोन.
तो रेघेच्या वर आहे, त्याचं त्याचं रजिस्टर आहे.
त्याच्या चटयांवर झोपणारे दहा जण खाली.
त्यांच्यासाठी दर महिन्याला ती शिडी.

"आज किती पेशंट?" आई फोनवर विचारते, सवयीने.
दहा, मी म्हणते.
"काय झालंय त्यांना?"
काहीच नाही. अजून.
"मग पेशंट कसले गं?"
तिच्याकडे कुकरची शिट्टी होते.
ही तिसरी का, ती मलाच विचारते.

मी मोजतच होते. चौथी.