इतिवृत्तात नसलेलं

मंगळवार, संध्याकाळचे सात. हजर: पाच नगरसेवक,
एक वकील, पेंगणारा फायर चीफ,
आणि मी, हर्मिनिया ओचोआ, कारकून.
बावीस वर्षं या गावाचं बोलणं टाईप करते आहे.
लोक ओरडतात, मी लिहिते: हरकत नोंदवली.
लोक रडतात, मी लिहिते: वेळ संपली.

विषय क्रमांक नऊ. मोहल्ल्यांतल्या बागांसाठी कर्जरोखे,
एक कोटी चाळीस लाख डॉलर, मुदत तीस वर्षं.
ठराव नुसता पाठिंब्याचा.
त्याने एक वीट हलत नाही.
नोव्हेंबरात लोक ठरवतील, आणि तिथे तीनांतली दोन मतं हवीत.
आम्ही फक्त मान डोलवायची,
पण कागदावर, शिक्क्यानिशी.

पा हुआ वांग उठली, कॅनरी स्ट्रीटवरची.
भाषण नव्हतं तिच्याकडे. पिशवीतून एक चप्पल काढली,
पोराची, निळी, पाचेक वर्षांच्या पायाची,
आणि माईकसमोर उलटी ठेवली.
तळव्यात सराटे.
अकरा मी काढले, ती म्हणाली,
बाकीचे तुम्हाला दाखवायला ठेवलेत.
तीन मिनिटांतली दोन मिनिटं वीस सेकंद शिल्लक होती.
ती जाऊन बसली. चप्पल तिथेच.

मग वेंडेल ऑस्ट्रँडर. कालवा खात्यातून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर,
दर सभेला येतो, दर सभेला तोच तपकिरी कोट.
ऋण काढून सण करायची या गावाला खोडच आहे, म्हणाला.
तीस वर्षं! फिटेल तेव्हा मी एकशेआठचा असेन.
मी आयुष्यात गवत कापायचं मशीनसुद्धा
हप्त्यावर घेतलं नाही.
बोलताना त्याने ती चप्पल हळूच बाजूला सरकवली,
पडू नये म्हणून.

बेटनकोर्ट म्हणाले, वेंडेल,
एकसष्टची पाण्याची पाईपलाईनही रोख्यांवरच टाकली होती.
आजही तुझ्या नळाला तेच पाणी येतं.
वेंडेल म्हणाला,
पाणी लागतं. झोपाळा लागत नाही.

त्यानंतर कोणी काही बोललं नाही.
छतातला एसी घरघरत राहिला.
शांतता टाईप करता येत नाही,
मी रकान्यात नुसती रेघ ओढली.

ठराव मंजूर, चार विरुद्ध एक.

नोव्हेंबरात मी निळ्या पेनाने माझा गोल भरला,
काठाबाहेर जराही न जाता.
कारकुनाने मत सांगू नये, म्हणून सांगत नाही.
त्रेसष्ट मतं कमी पडली.
तो आकडा माझ्याच सहीने जाहीर झाला.
ठराव फाईलमध्ये आहे,
डावीकडच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात.
पाठिंबा अजून तिथे आहे.
मागायला कोणी येत नाही.

कॅनरी स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा पट्टा पालिकेचाच,
पण साखळदंडाच्या जाळीआड पडलेला.
पोरांनी जाळी एका जागी वाकवली आहे,
नेमकी एका पोराएवढी.

एप्रिलातल्या एका शनिवारी बदाम आणायला निघाले
तर जाळीपलीकडे यंत्राचा आवाज.
तपकिरी कोट खांबाला टांगलेला.
वेंडेल ऑस्ट्रँडर, गुडघ्याएवढ्या गवतात,
सराट्यांवरून मशीन ढकलत होता,
रोखीने घेतलेलं, जुनं, लाल.
बाहेर तीन पोरं फुटबॉल काखेत घेऊन थांबलेली,
डॉक्टरकडे थांबावं तशी.

त्याने मला पाहिलं. मी काही विचारलं नाही,
त्यानेही काही सांगितलं नाही.
हे मालमत्तेत विनापरवाना प्रवेश आहे,
कलम मला पाठ आहे.

परतताना पाहिलं.
दोन गोलपोस्टांच्या मधे मावेल एवढं गवत कापलेलं होतं,
त्याच्यापुढे अर्धी पट्टी,
आणि मग एकदम थांबलेलं.
पेट्रोल संपलं असावं.