सोळा दिवे

वार्दोला तेव्हा सूर्य नव्हता.
नोव्हेंबरात तो जातो, निम्मा जानेवारी सरल्यावर येतो.
मधल्या दिवसांत शाळेच्या खिडकीतून
भर बारा वाजताही बाहेरचं काही दिसत नाही,
आपलंच तोंड दिसतं.

त्या हिवाळ्यात आयलिफ नऊ वर्षांचा होता
आणि तीन हातमोजे हरवून चौथ्यावर आला होता.
तिन्ही डावे. उजवे सगळे घरात.
पालथा घडा, असं कुणीसं म्हणालं.
नाही. घडा सुलटाच होता, काठोकाठ भरायचा,
फक्त कुठून गळतो ते सापडत नव्हतं.

ट्रोम्सोच्या बाईंनी सॉफ्टवेअर पाठवलं.
पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज चाळीस मिनिटं.
आई मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
म्हणून शेजारी बसायचं काम माझं.
मी चौदा वर्षांची. दिवसाला वीस क्रोनर.

पडद्यावर सोळा दिवे, चार चारच्या चार ओळी.
एकेक लागायचा, विझायचा,
मग आले त्याच्या उलट्या क्रमाने
बोट लावायचं.
जमलं की एक दिवा वाढायचा, चुकलं की एक कमी.
एक यंत्रमानव आकडे म्हणायचा, सर्दी झाल्यासारखा.

तीन दिवे. चार. चार. तीन. चार.
आयलिफ खुर्चीत एका पायावर, मग उभा,
मग टेबलाखाली.
तिथून विचारायचा,
"व्हेल झोपला की बुडत का नाही?"
मी म्हणायचे, दिवे बघ.
हे मी किती वेळा म्हणाले
ते सॉफ्टवेअरने मोजलं नाही.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी, तो रडला.
आवाज न करता, नाक टेबलाला टेकवून.
"दिवे माझ्या डोक्यात येतात
आणि मागच्या दाराने जातात."
मी त्याला पाव दिला, वर तपकिरी चीज,
आणि त्याच्या जागी बसले.
पाच. सहा. सात.
मला मजा आली, खोटं कशाला बोलू.
आठ.

सोमवारी सकाळी गुन्व्होर बाईंचा फोन.
"टोरून, आलेख बघा! केवढी झेप!"
आईने रबरी एप्रनसुद्धा न काढता
आयलिफला उचलून घेतलं.
तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता.
बोलला नाही.

यंत्राचं काय, ते विश्वास ठेवतं.
त्याच संध्याकाळी त्याने आयलिफपुढे आठ दिवे मांडले.
आठाचे सात, साताचे सहा,
असा उतरत उतरत तो स्वतःपर्यंत पोहोचेतो
पाऊण तास गेला.
जिन्यावरून कुणीतरी घसरतंय
आणि आपण खालच्या खोलीत,
तशी मी ऐकत होते.

शेवटच्या दिवशी त्याचे स्वतःचे सहा झाले.
अपूर्णांक होते तिथेच राहिले. हातमोजा पाचवा.
पण वर्गात तो बसायला लागला होता, बराच वेळ.
सॉफ्टवेअरमुळे, की शेजारी कुणी होतं म्हणून,
की नुसतं दहावं लागलं म्हणून?
"सांगता येत नाही," गुन्व्होर बाई म्हणाल्या,
आणि मला त्या पहिल्यांदा आवडल्या.
त्या आठवड्यात किल्ल्यावर तोफ झाली,
सूर्य आला, शाळेला सुट्टी.

आता तो खेकड्यांच्या बोटीवर असतो.
वेळा, नंबर सगळं मनगटावर पेनाने लिहितो.
आईच्या वाढदिवसाची आठवण अजून मीच करून देते.
परवा फोनवर धीर करून विचारलं,
ते दिवे आठवतात का रे?

बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला,
"आठ होते. पहिला खालच्या कोपऱ्यातला.
सहावा तू चुकवणार होतीस,
बोट उचलून थांबलीस, मग बरोबर लावलास.
मी पाव खात होतो ना,
बघत होतो."

व्हेल का बुडत नाही
ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.